एकाच घरातल्या तिघी: कोणी कोणता मसाज घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुमचं वय एक्केचाळीस, दिवसभर लॅपटॉपपुढे बसून मान आणि उजवा खांदा आखडतो. आईंचं वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे झिजलेले, शिवाय मधुमेह. वहिनी नुकतीच बाळंत होऊन घरी आली आहे, तिच्या आणि बाळाच्या मालिशीला बाई लावायची आहे. कोपऱ्यावरच्या स्पाच्या यादीत स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, अभ्यंग, शिरोधारा, रिफ्लेक्सॉलॉजी अशी नावं आहेत. कोणी काय घ्यावं, आणि खरंच उपयोग होतो का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मान-पाठ-गुडघ्यांचे रुग्ण बघण्यात वीसहून अधिक वर्षं गेली. पहिली गोष्ट, स्पाच्या यादीवरून मसाज निवडू नका. ती यादी हायवेवरच्या हॉटेलच्या मेनूकार्डासारखी असते, नावं दहा आणि ग्रेव्ही एकच. मसाजने बरं वाटतं हे खरं आहे आणि त्याला अभ्यासाचा आधारही आहे. पण तो गुण काही तास, काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतो. आणि नको त्या जागी, नको त्या वेळी केला तर इजाही होते. ती नको ती जागा तुमच्या घरात प्रत्येकीची वेगळी आहे.

आधी हे बघू की बरं वाटतं म्हणजे काय होतं. खांद्यावर अंगठ्याखाली जी 'गाठ' लागते ती बहुतेकदा सतत ताणात राहिलेल्या स्नायूतला घट्ट, दुखरा पट्टा असतो. दाबल्यावर तो सैल पडतो, त्याचं बरंचसं श्रेय चेतासंस्थेला जातं. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी 1965 मध्ये मांडलं की स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की तिथे वेदनेच्या संदेशांची वाट काही प्रमाणात अडते. ठेच लागली की आपण बोट चोळतो ते काही शिकून नव्हे. शिवाय त्वचेत असे काही चेतातंतू आहेत जे फक्त संथ स्पर्शाला नीट प्रतिसाद देतात, सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर या वेगाच्या. घाईघाईने रगडून घेतलेलं अंग आणि सावकाश तेल लावून घेतलेलं अंग यात जो फरक जाणवतो, तो उगीच नाही.

आणि 'शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात' हे वाक्य कुठल्याही पाटीवर दिसलं तर सोडून द्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. लॅक्टिक ॲसिडची गोष्टही तशीच. व्यायामानंतर ते आपोआप तासाभरात कमी होतं. कॅनडातल्या संशोधकांनी 2012 मध्ये भरपूर सायकल चालवून दमलेल्या तरुणांच्या एका मांडीला मसाज दिला, दुसरीला दिला नाही, आणि दोन्हींतल्या स्नायूंचे नमुने तपासले. मसाज दिलेल्या मांडीत दाह सुचवणाऱ्या खुणा कमी होत्या, लॅक्टिक ॲसिडमध्ये फरक नव्हता. म्हणजे उपयोग आहे, कारण वेगळं आहे. वजन कमी करण्याचंही हेच. उद्वर्तनात, म्हणजे कोरडी चूर्णं उलट दिशेने चोळण्यात, कातडी छान होते आणि तरतरी येते. चरबी मात्र चोळून जात नाही.

आता तुमचं. मानेपासून खांद्यावर उतरणारा मोठा स्नायू (ट्रॅपेझियस) हा लॅपटॉपवाल्यांचा नेहमीचा गुन्हेगार. त्याच्या वरच्या कडेला असलेला दुखरा बिंदू दाबला तर कळ कानामागून कपाळाच्या बाजूपर्यंत जाते. अनेकजण ज्याला 'अर्धशिशी' समजून गोळ्या घेत असतात त्यांतल्या काहींचं दुखणं इथून निघालेलं असतं. या बिंदूंचे नकाशे अमेरिकन डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी तयार केले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची पाठदुखी बघणाऱ्या त्याच या. तुम्हाला पूर्ण अंगाच्या मसाजपेक्षा या बिंदूंवर थांबून, एका जागी अर्धा ते एक मिनिट धरलेला दाब जास्त उपयोगी पडेल. स्पाच्या भाषेत हे 'डीप टिश्यू'च्या जवळ जातं, पण तिथे एक गैरसमज सर्रास असतो: जितकं दुखेल तितका गुण. तसं नाही. दाबाखाली तुमचा श्वास अडकला, दात आवळले गेले, की स्नायू उलट आकसतो. दुसऱ्या दिवशी काळंनिळं झालं तर तो मसाज वाईट होता, 'असर' नव्हता. फार जोरकस मसाजनंतर स्नायू फुटून लघवी चहासारखी झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. तसं झालं तर थेट दवाखाना गाठायचा.

स्वीडिश हा सौम्य, तेल लावून लांब हात फिरवण्याचा, मळण्याचा, थापटण्याचा प्रकार. त्याचं श्रेय स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जातं. खरं तर त्या हालचाली पद्धतशीर बांधल्या ॲमस्टरडॅमच्या योहान मेत्सगर या डॉक्टरने. दमलेल्या, झोप न लागणाऱ्या माणसाला हा उत्तम. तुम्हाला महिन्यातून एकदा चैन म्हणून घ्यायचा तर जरूर घ्या.

थाई वेगळा. तो जमिनीवर, गादीवर, अंगावर सैल कपडे ठेवून, तेलाशिवाय करतात. हात, कोपर, गुडघे, पाय वापरून दाब देतात आणि तुमचं अंग ताणून, वळवून घेतात. बँकॉकच्या वाट फो मंदिरात याची परंपरा आणि शाळा आहे. युनेस्कोने 2019 मध्ये 'नुआद थाई' वारसा यादीत घेतलं. आपल्याला ओळखीचं वाटावं असं त्यात काही असेल तर ते हे, की थाई परंपरा याचं मूळ राजगृहाच्या जीवक वैद्याशी, बुद्धाच्या वैद्याशी, जोडते. निरोगी पण आखडलेल्या शरीराला थाईने छान मोकळं वाटतं. आईंना मात्र नको. हाडं ठिसूळ झालेल्या, सांधा बदललेल्या किंवा मणक्यातली चकती सरकलेल्या माणसाने त्या ताणांच्या वाटेला जाऊ नये. आणि आपल्या शहरांत 'थाई' या पाटीखाली बरेचदा साधा तेलाचा मसाजच मिळतो, हेही आहेच. जपानी शियात्सुत अंगठ्याने बिंदूंवर दाब देतात, तोही कपड्यांवरून. तुमच्या खांद्याला चालेल, हात चांगला असेल तर.

पण मसाज काहीही घ्या, त्यानंतरचे चोवीस तास वाया घालवू नका. दुखणं उतरलेलं असतं, मान वळत असते, तेव्हाच खांद्यांची पाती मागे ओढण्याचे, हनुवटी आत घेण्याचे व्यायाम सुरू होतात. त्या वेळी तुम्ही पुन्हा तसंच वाकून बसलात तर पुढच्या आठवड्यात तीच गाठ, तीच जागा, तेच बिल. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड जोडा. घरी भिंत आणि खांद्याच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरून एकेका बिंदूवर अर्धा मिनिट टेकून राहिलात तर निम्मं काम फुकटात होतं.

अभ्यास काय सांगतात ते मानेपेक्षा कंबरेबद्दल जास्त उपलब्ध आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या कंबरदुखीला गोळीआधी शेक आणि मसाज सुचवला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठीच्या पर्यायांत मसाजला जागा दिली, पण शिक्षण आणि व्यायामाच्या सोबतीने. पुरावा भक्कम नाही, मध्यम ते कमी दर्जाचा आहे. एकट्या मसाजवर जुनं दुखणं बरं करून देतो म्हणणाऱ्याला म्हणूनच मी दोन प्रश्न जास्त विचारीन.

मान कोणाकडूनही मोडून घेऊ नका. केस कापून झाल्यावर मान 'कट्' करून देणारे हात अनेकांना आवडतात. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या असतात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटलं तर पक्षाघात होऊ शकतो, तरुण माणसालाही. क्वचित होतं, पण होतं. आणि त्या आवाजाने मिळणारा आराम इतका थोडा असतो की ही जोखीम मला कधीच पटलेली नाही.

आईंच्या गुडघ्यांबद्दल चांगली बातमी आहे. अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेवर मसाजचे दोन चांगले अभ्यास झाले. 2012 च्या अभ्यासात वेगवेगळ्या वेळा आणि वारंवारता तपासल्या, तेव्हा आठवड्यातून एकदा 60 मिनिटं हे प्रमाण सगळ्यात योग्य ठरलं. 2019 च्या अभ्यासात 222 जण होते. आठ आठवड्यांनी मसाज घेणाऱ्यांचं दुखणं आणि चालणं इतरांपेक्षा चांगलं होतं. वर्षअखेरीस मात्र गटांमध्ये म्हणावा असा फरक उरला नव्हता. याचा मी लावलेला अर्थ: दोन महिने मसाजचा आधार घ्या आणि तेवढ्यात मांडीचा पुढचा स्नायू बळकट करा. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे धरायचा, हा साधा व्यायाम गुडघ्याला मसाजपेक्षा जास्त काळ सांभाळतो.

मसाज कुठे करायचा? बहुतेक जण वाटीवरच तेल रगडत बसतात. दुखणं वाटीपाशी असलं तरी आखडलेली असते मांडी आणि पोटरी. तिथे लांब, सावकाश हात फिरवा, वाटीभोवती हलकेच. तेल तिळाचं असो, महानारायण असो की कोकणातल्या माणसाचं खोबरेल असो, गुडघ्यातली कूर्चा त्यामुळे परत वाढत नाही. तेलाचं काम हात सरकता ठेवण्याचं आणि ऊब धरण्याचं. आयुर्वेदिक पंचकर्म केंद्रात 'जानुबस्ती' करतात. त्यात उडदाच्या पिठाचं कडं गुडघ्याभोवती लावून कोमट औषधी तेल भरून ठेवतात. आईंना बरं वाटेल, करायला हरकत नाही. पण इथे मधुमेह मध्ये येतो. पावलांची संवेदना कमी झालेली असेल तर तेल किती गरम आहे ते त्यांना कळणार नाही. शेकाच्या पिशवीने, पिंडस्वेदाच्या गरम पोटल्यांनी पाय भाजल्याचे आणि मग जखम चिघळल्याचे रुग्ण मला दर हिवाळ्यात दिसतात. तेल नेहमी तुम्ही स्वतःच्या मनगटावर बघायचं, त्यांना 'गरम आहे का' असं विचारायचं नाही.

अभ्यंगाचं म्हणाल तर ते वर्षातून एकदा नरकचतुर्दशीला पहाटे उटण्याबरोबर उरकण्याचं काम नव्हतंच. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याने ते नित्य करायला सांगितलं आहे, डोकं, कान आणि पाय यांना विशेष. त्याच जागी त्याने हेही लिहून ठेवलं की अजीर्ण असताना, कफाचा त्रास असताना आणि नुकतंच वमन-विरेचन (औषधाने उलट्या-जुलाब करवून शुद्धी) झालेलं असताना अभ्यंग करू नये. स्पावाले पहिला भाग भिंतीवर लावतात, दुसरा विसरतात. आईंनी रोज दहा मिनिटं हातापायांना कोमट तिळाचं तेल लावलं तर कोरडी कातडी सुधारेल, झोप बरी लागेल. एकच अट, तळव्यांचं तेल पुसल्याशिवाय न्हाणीघरात पाऊल टाकायचं नाही. या वयात तेलकट पावलांनी घसरून खुबा मोडणं ही मसाजची सगळ्यात महाग पडणारी इजा आहे.

काशाच्या वाटीने तळपाय घासायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि वाटीखाली काळं आलं की 'उष्णता निघाली' म्हणतात. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घासताना धातू आणि तेल-घाम यांच्यातून तो काळेपणा येतो, अंगातून नाही. तरी वाटी फिरवा, झोपेच्या आधी फार शांत वाटतं. पायाच्या कुठल्या बिंदूत मूत्रपिंड आणि कुठल्यात यकृत आहे असं सांगणाऱ्या रिफ्लेक्सॉलॉजीबद्दलही माझं तेच मत: नकाशाला शरीररचनेचा आधार नाही, पाय चेपून घेणं सुखाचं. फक्त मधुमेही पावलांना भेगा किंवा जखम असेल तेव्हा दोन्ही बंद.

शिरोधारा काटेकोरपणे मसाज नाही, कपाळावर कोमट तेलाची धार आहे. केरळात कर्कटक महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या पावसात, पिळिच्चिल (अंगावर कोमट तेल पिळत सोडणं), ञवरक्किळि (शिजवलेल्या भाताच्या पोटल्यांनी शेकणं) अशा उपचारांसोबत ती घेण्याची रीत आहे. ताणात असलेल्या, झोप न लागणाऱ्या माणसाला उपयोग होतो. तुम्ही घेऊन बघा.

आता वहिनी आणि बाळ. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे चुका प्रेमापोटी होतात.

बाळाच्या मालिशीला चांगला आधार आहे. मायामीच्या टिफनी फील्ड यांनी 1986 मध्ये दाखवलं की दिवसातून तीनदा पंधरा मिनिटं हळुवार मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं रोजचं वजन 47 टक्क्यांनी जास्त वाढलं. मुंबईत झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये खोबरेल तेलाचा गट मिनरल ऑइल आणि पावडरीच्या गटांपेक्षा पुढे होता. म्हणून तेल विचाराल तर खोबरेल. मोहरीचं नको, बाळाच्या कातडीला ते झोंबतं. ऑलिव्ह ऑइलही, महाग असलं तरी, त्वचेच्या वरच्या थराला फारसं मानवत नाही.

पण हळुवार हा शब्द महत्त्वाचा. मालिश करणाऱ्या बाई अनुभवी असतात, त्यांच्या हातात कसब असतं, पण काही रीती थांबवायलाच हव्यात. नाकात आणि कानात तेलाचे थेंब घालणं: नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर वेगळ्याच प्रकारचा, लवकर न हटणारा न्यूमोनिया होतो. नवजात बाळाची छाती पिळून 'दूध काढणं': आईच्या संप्रेरकांमुळे ती सूज येते आणि आपोआप जाते, पिळल्याने पू होतो. पायांना धरून उलटं लटकवणं, हातपाय ताणून पाठीमागे आवळणं, नाक सरळ व्हावं म्हणून ओढणं, डाळीच्या पिठाने लव घासून काढणं. यांतल्या एकानेही बाळ सुदृढ होत नाही. दूध पाजल्यानंतर लगेच नाही, बाळ जागं आणि शांत असताना दहा-पंधरा मिनिटं, खोली उबदार. बाळाने तोंड फिरवलं, अंग ताठ केलं की थांबायचं. वहिनीने स्वतः शिकून घेतलं तर सगळ्यात उत्तम, बाई येतात ते चार-सहा आठवडे, बाळ पुढेही असतंच.

वहिनीच्या पाठीला, खांद्यांना, पायांना मालिश चालेल. बाळाला पाजताना मान वाकवून वाकवून तिची पाठ तुमच्यापेक्षा वाईट असेल. सिझेरियन असेल तर टाके भरेपर्यंत आणि डॉक्टर सहा आठवड्यांनी बघेपर्यंत पोटाला हात लावायचा नाही. पोट आत जावं म्हणून रगडणं आणि आवळून बांधणं दोन्ही व्यर्थ. शेकशेगडी करायचीच तर खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो.

आणि एक गोष्ट तिघींनाही लागू, पण बाळंतिणीला सगळ्यात जास्त: एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर तिला हात लावायचा नाही, मालिश तर नाहीच. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत, तसंच मोठी शस्त्रक्रिया, प्लास्टर, लांबचा प्रवास यानंतर पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. दिल्लीतल्या एका तरुणाची हकीकत 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. घोट्याला दुखापत, प्लास्टर, मग दुखरा पाय, आणि घरच्यांनी मायेने तेल लावून चोळला. गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तो वाचला नाही. सोनोग्राफीसारखी साधी डॉप्लर तपासणी अर्ध्या तासात याचं उत्तर देते.

तशीच जागा कोपराची. घरात लहान मूल पडलं, कोपर सुजलं, की कोणीतरी हाडवैद्याकडे नेतं किंवा तेल लावून ओढून देतं. कोपराच्या दुखापतीवर मालिश केल्याने स्नायूत चक्क हाड तयार होतं (मायोसायटिस ऑसिफिकन्स) आणि हात कायमचा आखडतो. हे आपल्याकडे अजून होतं, आणि ऑर्थोपेडिक ओपीडीत दरवर्षी अशी मुलं येतात. एक्स-रे आधी, तेल नंतर, आणि कोपराला नंतरही नाही. त्यामानाने कंबरेत उसण भरल्यावर पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याची पद्धत निरुपद्रवी म्हणायची, लाथ हळू असेल तर. उसण बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत स्वतःहून उतरते, आणि श्रेय पायाळूला मिळतं.

तुमच्या यादीत नसलेला एक प्रकार माहीत असावा. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजतो, तेव्हा अगदी हलक्या हाताने कातडी ताणत साचलेलं द्रव वळवण्याची पद्धत आहे, लिम्फ ड्रेनेज. एमिल व्होडर या डॅनिश माणसाने पत्नीसह ती 1930 च्या दशकात बांधली. बँडेज आणि व्यायामासोबतच ती काम करते. पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या सुजेसाठीही, त्वचेच्या स्वच्छतेबरोबर, तिचा उपयोग करता येतो. हे स्पाचं काम नाही, शिकलेल्या फिजिओथेरपिस्टचंच.

कोणाकडे जायचं? दुखणं असेल तर नोंदणी विचारा. फिजिओथेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्राच्या भौतिकोपचार परिषदेकडे असते, वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. क्रमांक विचारल्यावर चिडणारा माणूस टाळा. नुसता विसावा हवा असेल तर स्वच्छ चादर, धुतलेले हात आणि 'कुठे दुखतंय, काय गोळ्या चालू आहेत' हे आधी विचारणारी थेरपिस्ट पुरे. आईंच्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या. त्यात रक्त पातळ करणारी गोळी असेल तर खोल दाब नाही. ताप, अंगावर पुरळ, अंगावर कुठेही नव्याने हाताला लागलेली गाठ, दुखण्याबरोबर वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पाय बधिर होणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं यांतलं काहीही असेल तर मसाजची वेळ रद्द करा आणि डॉक्टरांची घ्या.